हक्काच्या कामासाठी मोबाईलवर व्हिडिओ कसा करायचा: नाशिकमधल्या नव्या पोरापोरींसाठी

ज्यांच्याकडे साधा अँड्रॉइड मोबाईल आहे, आजूबाजूला काहीतरी चुकीचं चाललंय हे दिसतंय आणि ते कुणालातरी दाखवून बदलायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. भारी कॅमेरा, लॅपटॉप काही नसलं तरी चालतं. वस्तीतल्या सार्वजनिक संडासाला पाणी नाही, द्राक्षबागेतल्या मजुरांचे पैसे मुकादमानं अडकवलेत, पाड्यावर रस्ता नाही म्हणून बाळंतीण झोळीतून न्यावी लागते, रेशनवर अंगठा घेतात आणि धान्य कमी देतात, असल्या गोष्टी. मानवी हक्क म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं दिल्लीतल्या मोठ्या वकिलांचं काम असेल, पण सुरगाणा-पेठकडं उन्हाळ्यात बाई विहिरीत उतरून वाटीवाटीनं हंडा भरते ना, तो प्रश्न हक्काचाच आहे, आणि तो दाखवायला तिथला माणूसच लागतो.

आधी ठरवा, हे बघणार कोण

मोबाईल अजून खिशातच राहू द्या. नवीन मंडळी नेमकं उलटं करतात, आधी शूट करतात, मग दुःखी गाणं लावून रील टाकतात, लाईक येतात, कमेंटमध्ये लोक हात जोडतात आणि तिकडं नळाला पाणी काही येत नाही, कारण ज्याच्या सहीनं पाणी येणार होतं त्यानं ती रील बघितलेलीच नसते. म्हणून एका कागदावर तीन गोष्टी लिहा: हे बदलायचा अधिकार कुणाकडं आहे, त्यानं नक्की काय करायला पाहिजे, आणि कधीपर्यंत. तलाठी, बीडीओ, मनपाचं विभागीय कार्यालय, आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय, कामगार आयुक्तांचं ऑफिस, कोण ते नीट शोधा. "प्रशासनानं लक्ष द्यावं" असं लिहिलं म्हणजे कुणालाच काही सांगितलं नाही.

हे ठरलं की व्हिडिओ आपोआप वेगळा होतो. पाणीटंचाईचंच घ्या. तहसीलदाराला दाखवायचाय तर दोन मिनिटं पुरे, विहीर पाड्यापासून किती लांब, टँकरचा प्रस्ताव कधी दिला, पाईपलाईन कुठं फुटलीये, बस. कोर्टात लागणार असेल तर न कापलेली अख्खी क्लिप पाहिजे. शहरातल्या लोकांना दाखवायचाय तर एकाच बाईची पहाट दाखवा, तिच्याबरोबर चालत जा. आणि गावातल्या लोकांनाच ग्रामसभेत दाखवायचाय, म्हणजे त्यांचं त्यांनी काही ठरवावं म्हणून, तर त्यात शेजारच्या ज्या गावानं हा प्रश्न सोडवला तिथली माणसं बोलताना दिसली पाहिजेत. हा शेवटचा प्रकार लोक विसरतात, मला तर तो सगळ्यात कामाचा वाटतो.

व्हिडिओ असला की न्याय मिळतोच असंही नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला पोलिस रॉडनी किंग नावाच्या माणसाला मारत होते ते एकानं आपल्या बाल्कनीतून शूट केलं, जगभर दाखवलं गेलं, तरी १९९२ ला ज्युरीनं त्या पोलिसांना जवळपास सगळ्या आरोपांतून सोडलं, कारण बचावाच्या वकिलांनी तीच टेप थांबवत थांबवत दाखवून तिचा वेगळाच अर्थ लावला. पुढं दुसऱ्या खटल्यात दोघांना शिक्षा झाली. त्याच काळात, १९९२ मध्ये, विटनेस ही संस्था सुरू झाली, जी लोकांना हक्कांसाठी व्हिडिओ कसा वापरायचा ते शिकवते. आपल्या देशात व्हिडिओ व्हॉलंटिअर्स या संस्थेचे लोक २००३ पासून खेड्यातल्या, वस्तीतल्या माणसांनाच कॅमेरा शिकवतात, आणि त्यांची एक पद्धत मला फार आवडते, व्हिडिओच्या शेवटी ते बघणाऱ्याला सरळ सांगतात की अमुक अधिकाऱ्याला फोन करा आणि हे काम करायला सांगा.

माणसं, त्यांची परवानगी आणि त्यांचा धोका

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ घेते आणि घेऊ द्या. व्हिडिओ करून तुम्ही संध्याकाळी सीबीएसला उतरून घरी जाल, पण ज्या मावशी कॅमेऱ्यासमोर मालकाबद्दल बोलल्या त्या दुसऱ्या दिवशी त्याच मालकाच्या बागेत जाणारेत. त्यामुळं "मावशी, बोलता का दोन शब्द?" एवढ्यावर भागत नाही. त्यांना कळेल अशा बोलीत सांगा की हा व्हिडिओ कुठं जाणार, कोण बघणार, एकदा नेटवर गेला की परत काढून घेता येत नाही. आणि एक प्रश्न विचाराच: "हे तुमच्या मालकानं, सरपंचानं, सासरच्यांनी बघितलं तर काय होईल?" उत्तर देताना त्या थांबल्या, इकडंतिकडं बघायला लागल्या, तर चेहरा नको. शूट करायच्या आधी विचारा, झाल्यावर विचारा, एडिट केलेलं दाखवून परत विचारा. मधल्या काळात त्यांनी नाही म्हटलं तर नाही, तुमचा कितीही चांगला शॉट असू दे.

चेहरा दाखवायचा नसेल तर नंतर ब्लर करू असं म्हणून तोंडासमोर शूट करू नका. मोबाईल कुणी हिसकावला, जप्त केला तर आतली मूळ क्लिप तर उघडीच आहे ना. त्यामुळं मुळातच पाठीमागून घ्या, हात दाखवा, दाराकडं पाठ करून बसवा म्हणजे फक्त काळी आकृती दिसते. आणि चेहरा झाकला तरी माणूस ओळखू येतो हे लक्षात ठेवा, गोंदण, रोजची साडी, घराचं दार, अंगणातली बाईक, सगळ्यात जास्त म्हणजे आवाज. आवाज बदलण्यापेक्षा त्यांचं म्हणणं दुसऱ्या कुणी वाचून दाखवलेलं बरं, आणि ते दुसऱ्यानं वाचलंय हे पडद्यावर लिहा.

लैंगिक अत्याचाराची केस असेल तर पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ बघा, आणि मूल असेल तर पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४. यात नाव, फोटो, शाळा, गाव, घरच्यांचं नाव सगळं आलं. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांना मेंढ्या राखायला वेठबिगार म्हणून नेल्याची प्रकरणं उघडकीला आली, अशा वेळी त्या मुलांचे चेहरे दाखवायचा मोह लोकांना होतो, सगळ्यांना हळहळ वाटावी म्हणून. नका दाखवू. मुलाचे भेगाळलेले पाय, त्याला पांघरायला दिलेलं पोतं, मेंढ्यांचा वाडा, एवढं पुरतं. आणि मूल अजून धोक्यात असेल तर आधी १०९८ ला फोन, कॅमेरा नंतर.

निघायच्या आधी

बॅटरी फुल, पॉवर बँक, मेमरी रिकामी, लेन्स रुमालानं पुसलेली. शूट करताना फ्लाईट मोड लावा, नाहीतर ऐन वेळी फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. त्या दिवशी बोटाचं किंवा चेहऱ्याचं लॉक बंद करून लांब पिन ठेवा आणि नको ते ग्रुप, फोटो मोबाईलमधून काढून टाका. एकट्यानं जाऊ नका, एकजण शूट करतो तेव्हा दुसऱ्यानं आजूबाजूला बघायचं. ओळखीच्या वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. वकील नसेल तर सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाईन १५१००. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ चा कायदाच आहे तसा.

शूट करताना

मोबाईल आडवा धरा. रेकॉर्डिंग सुरू झालं की पहिल्यांदा तारीख, वेळ, गाव, तालुका स्पष्ट बोला (तुमचं नाव धोक्याचं असेल तर बोलू नका) आणि हळूहळू गोल फिरून सगळा परिसर घ्या. त्यात जागा सिद्ध होईल असं काहीतरी आलं पाहिजे, शाळेचा बोर्ड, किलोमीटरचा दगड, विजेच्या खांबावरचा नंबर, हापशावरचा नंबर, मागचा डोंगर. व्हिडिओ दुसरीकडचाय, जुनाय, एआयनं बनवलाय असं हल्ली कुणीही म्हणतं, त्याला उत्तर तिथंच तयार होतं.

मग प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद हलवायचा नाही, मनात दहापर्यंत मोजा. लांबून एक, मधून एक, जवळून एक. झूम करू नका, दोन पावलं पुढं जा. काही घटना घडत असेल, म्हणजे झोपड्या पाडतायत किंवा लाठी चाललीये, तर रेकॉर्डिंग मध्ये बंद करू नका, कापलेल्या क्लिपवर पहिला आक्षेप तोच येतो की आधी काय झालं ते दाखवलं नाही. आणि शूट करताना "बघा बघा कसे मारतायत" असं ओरडू नका, तुमच्या आवाजाखाली खरे आवाज दबतात.

यापुढची गोष्ट नव्यांना कुणी सांगत नाही. नुसतं दुःख शूट केलं तर हळहळ मिळते, जबाबदारी कुणाची ते सिद्ध होत नाही, त्यासाठी दुवा लागतो. बंद पडलेला हापसा सगळेच शूट करतात, पण शेजारी जो फलक लावलेला असतो ना, कामाचं नाव, योजना, रक्कम, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख, तो फलक आणि कोरडा हापसा एकाच शॉटमध्ये आला पाहिजे. मजुरीचा प्रश्न असेल तर मजुराच्या वहीतल्या हजेरीच्या रेघा, दिलेली उचल, ज्या गाडीतून मजूर नेतात तिचा नंबर. हवेतल्या धुराची तक्रार असेल, सातपूर-अंबडकडं कुठं, तर धूर, कंपनीचं गेट आणि मागं घड्याळ किंवा सकाळची शाळा भरलेली दिसेल असा शॉट. असा एक शॉट माझ्या मते दहा रडणाऱ्या चेहऱ्यांपेक्षा जास्त काम करतो.

आवाजाचं बघा. घाटमाथ्यावर वारा असा असतो की हरसूल-त्र्यंबककडं उघड्यावर घेतलेली मुलाखत नंतर ऐकूच येत नाही. इअरफोनचा माईक त्यांच्या कॉलरला किंवा पदराच्या आत लावा, भिंतीच्या आडोशाला बसा. आणि माणसाला त्याच्या बोलीत बोलू द्या, कोकणा असो, वारली असो, महादेव कोळी असो, खाली मराठी अक्षरं टाकता येतात, पण शुद्ध बोला म्हटलं की माणूस आखडतो आणि पाठ केल्यासारखं बोलायला लागतो. प्रश्न साधे: काय झालं, कधी, कोण कोण होतं, तुम्ही कुणाकडं गेला होता, त्यांनी काय सांगितलं, आता तुम्हाला काय पाहिजे. "तुम्हाला कसं वाटलं?" हा प्रश्न ज्याचं घर पडलंय त्याला विचारू नका. उत्तर संपलं असं वाटलं तरी थोडं थांबा, खरं तेव्हाच निघतं बऱ्याचदा.

२०१८ चा मार्चमधला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवा. ६ मार्चला नाशिकहून निघाले, वनजमिनीचे दावे, कर्जमाफी अशा मागण्या, १८० किलोमीटर चालत मुंबईला पोचले, आणि दहावीच्या पोरांच्या पेपरला त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालले. त्यात सगळ्यात जास्त काय फिरलं, तर सोललेल्या, रक्ताळलेल्या तळव्यांचे फोटो आणि व्हिडिओ. वर कुणी काही बोलत नव्हतं, म्युझिक नव्हतं. १२ मार्चला सरकारनं लेखी आश्वासन दिलं. ते अर्थात चालणाऱ्या हजारो माणसांमुळं दिलं, तळव्यांच्या फोटोंनी मुंबईकर पाणी-बिस्किटं घेऊन रस्त्यावर आले एवढं केलं, आणि व्हिडिओचं काम तेवढंच असतं, चळवळ नसेल तर तो एकटा काही ओढू शकत नाही.

पोलिस अडवतात तेव्हा

सार्वजनिक रस्त्यावर, मोर्चात शूट करायला सरसकट बंदी नाही. पोलिस स्टेशनमध्ये शूट केलं म्हणून शासकीय गुपितांचा कायदा लावल्याच्या केसमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ ला सांगितलं की पोलिस स्टेशन त्या कायद्यातली 'प्रतिबंधित जागा' नाही. पण याचा अर्थ जाऊन हवालदाराच्या तोंडासमोर मोबाईल नाचवायचा असा नाही, "सरकारी कामात अडथळा" लावायला वेळ लागत नाही. दोन पावलं मागं या, हात दिसू द्या, शांत आवाजात बोला, शिवी नाही, धक्का नाही. मोबाईल बंद करा म्हटलं आणि परिस्थिती तापलेली असेल तर बंद करा, माणूस क्लिपपेक्षा मोठा. जप्त करतायत तर पंचनाम्याची प्रत मागा.

आपल्या जिल्ह्यात एक वेगळी काळजी आहे. देवळाली कॅम्पचा तोफखाना परिसर, ओझरचा विमानतळ आणि एचएएल, नाशिकरोडचा नोट प्रेस, इथं मोबाईल बाहेरसुद्धा काढू नका, ड्रोन तर अजिबात नाही. तिथं खरोखर कायदा लागतो आणि तुमचा मूळ प्रश्न बाजूला पडून तुमचीच केस सुरू होते.

आणखी एक. कधीकधी व्हिडिओ तुम्ही करायची गरजच नसते, तो आधीच असतो. परमवीर सिंग सैनी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० ला सगळ्या पोलिस स्टेशनात आवाजासकट सीसीटीव्ही लावायला आणि फुटेज १८ महिने ठेवायला सांगितलंय. कोठडीत मारहाण झाली असेल तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज टाका की अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा, आणि पोच घ्या.

फाईल सांभाळणं

घरी आल्यावर जेवायच्या आधी हे करा. मूळ फाईल कापायची नाही, तिचं नाव बदलायचं नाही, तिच्यावर फिल्टर लावायचा नाही. तिच्या दोन कॉपी करा, एक पेनड्राईव्हवर आणि एक दुसऱ्याच्या घरी. व्हॉट्सअपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि तारीख-ठिकाणाची आतली माहिती निघून जाते, पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वहीत लिहा: कुणी शूट केलं, कुठल्या मोबाईलनं, किती वाजता, नंतर फाईल कुणाकुणाकडं गेली.

कोर्टाचं म्हणाल तर जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेली अर्जुन पंडितराव खोतकर यांची केस आहे, त्यात १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ मोबाईल किंवा कॉम्प्युटरच कोर्टात हजर करत नसाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतंच. तेव्हा ते कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा, आत एक टिंब बदललं तरी आकडा बदलतो. मोबाईलवर हॅश काढणारी फुकट अ‍ॅप आहेत, शूट केलेल्या दिवशीच काढून वहीत उतरवा. आणि तो मोबाईल लगेच विकू नका, रीसेट करू नका.

एडिट

थोडक्यात सांगतो कारण यात फार काही नाही. कॉपीवर काम करा, इनशॉट किंवा व्हीएन अ‍ॅप पुरतं. दोन-तीन मिनिटांच्या वर नको, पहिल्या दहा सेकंदांत प्रश्न कळला पाहिजे, अक्षरं मोठी मराठीत टाका कारण बहुतेक लोक आवाज बंद ठेवून बघतात. मागच्या वर्षीची किंवा दुसऱ्या तालुक्यातली क्लिप "भरीला" म्हणून घालायची नाही, कधीच नाही, एकदा ते सापडलं की तुमच्या गावाचं खरं म्हणणंही खोटं ठरतं. आकडा बोलला तर त्याचा कागद दाखवा, दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे, तो कागद व्हिडिओत फार जोर आणतो. चेहरा झाकायला यूट्यूबमध्येच ब्लर आहे, फोटोसाठी सिग्नल अ‍ॅपमध्ये आहे.

पोचवणं

पहिला शो ज्यांचा व्हिडिओ आहे त्यांना. पाड्यावर, पारावर, भिंतीवर चादर लावून, नाहीतर मोबाईलवरच. ते चुका काढतात, "हे नाव नको", "तो नळ आमचा नाही", आणि त्या काढल्याच पाहिजेत.

मग ठरवलेल्या अधिकाऱ्याकडं. नुसती लिंक पाठवू नका. एक पानी अर्ज, मागणी, पेनड्राईव्ह, आणि आवक शाखेचा शिक्का असलेली पोच. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसला लोकशाही दिन असतो. गावातले दोघंचौघं बरोबर न्या, बोलायचं त्यांनी, तुम्ही मोबाईल धरायचा. तिथं काही झालं नाही तर राज्य मानवी हक्क आयोग, तक्रारीला फी नाही, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते, आणि एकच तक्रार राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडं पळवू नका, राज्य आयोगाकडं चालू असलेलं प्रकरण राष्ट्रीय आयोग घेत नाही. अ‍ॅट्रॉसिटीची केस असेल तर त्या कायद्याच्या कलम १५अ मध्येच कार्यवाहीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं लिहिलंय, ते मागा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

सोशल मीडियावर टाकायचं ते यानंतर, आणि टाकताना शेवटी एक स्पष्ट मागणी आणि त्या ऑफिसचा सरकारी नंबर. कमेंट्स सांभाळायला एक माणूस ठेवा, गावातल्या बायकांना कुणी घाण बोललं तर लगेच काढायचं.

त्यानंतर परत जायचं

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोरचं आहे. तास नदीवर टाकलेल्या लाकडाच्या ओंडक्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन जाणाऱ्या बायका सगळ्या महाराष्ट्रानं बघितल्या, मंत्र्यांनी दखल घेतली, जानेवारी २०२२ मध्ये तिथं लोखंडी पूल झाला, बातम्या झाल्या. आणि त्याच वर्षीच्या जुलैत तो पूल पुरात वाहून गेला. पहिल्या व्हिडिओमागं जितके लोक धावले तितके दुसऱ्या वेळी थांबत नाहीत, सगळ्या गावांचा अनुभव हाच आहे, आणि मला वाटतं आपलं खरं काम तिथंच सुरू होतं.

म्हणून पहिल्या दिवशीच शूट करताना कुठं उभे होता ती जागा वहीत लिहून ठेवा, कुठला दगड, कुठलं झाड, मोबाईल कोणत्या बाजूला. काम मंजूर झालं की जा, सुरू झालं की जा, पूर्ण झालं म्हणतात तेव्हा जा, आणि एक पावसाळा गेल्यावर जाच. प्रत्येक वेळी त्याच जागेवरून तोच शॉट दहा सेकंद घ्या, आधी तारीख बोला. मग जुना आणि नवा शॉट एकामागं एक जोडून, जुन्या अर्जाचा आवक क्रमांक वर लिहून, त्याच टेबलावर नवा अर्ज द्या. साहेब बदललेले असतात, पण आवक रजिस्टर तेच असतं.